घोडे शाबूत, सारथी बेपत्ता

मागील महिन्यांत या पानावर विहिरीवरील पंपाची निगा कशी राखावी याविषयीं चार शब्द लिहिले होते. या खेपेस पावसाळ्यांतील धान्याच्या साठवणीविषयीं लिहावयाचें योजिलें होतें; परंतु मध्यंतरीं आमच्या घरांत एक असा प्रसंग घडला कीं, तो आधीं सांगितल्यावांचून लेखणी पुढें सरकेना. आज बहुतेक सुशिक्षित घरांत एक तरी लॅपटॉप असतो आणि त्यावर आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांचे हात पडत असतात. तो अकस्मात् मुका झाला म्हणजे काय करावें व काय करूं नये, हें आम्हांस जें शिकावें लागलें तें वाचकांस फुकट मिळावें, एवढाच या लेखाचा हेतु.

श्रावणांतला तिसरा सोमवार. त्या दिवशीं ब्रह्मगिरीच्या फेरीसाठीं त्र्यंबकेश्वरांत जी गर्दी लोटते ती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस वर्णन नको. पाऊस असा कीं, भिंतीस हात लावावा तों हात ओला व्हावा. सकाळचें आन्हिक आटोपून मीं लॅपटॉप उघडला. पडदा उजळला, घड्याळ दिसलें. पण पासवर्ड लिहावयास जातों तों एकहि अक्षर उमटेना. टचपॅडवर बोट फिरविलें, बाण हलेना. बाजूच्या यूएसबी पोर्टांत माउस लावला. त्याचा दिवासुद्धां लागेना. दुसऱ्या बाजूस लावला, तेथेंहि तीच गत. यंत्र जिवंत होतें, डोळे उघडे होते. पण त्यास ऐकूं येत नव्हतें आणि स्पर्शहि कळत नव्हता.

मला घाम फुटला तो कां, हें समजण्यासाठीं थोडी घरची हकीकत सांगितली पाहिजे. आमचें घराणें तीर्थोपाध्यायांचें. मी शाळामास्तर झालों व यजमानकृत्य धाकट्या बंधूंकडे राहिलें. पण वाडवडिलांच्या नामावळीच्या वह्या आजहि आमच्या माडीवर आहेत. कोणत्या गांवचें कोणतें घराणें केव्हां येऊन गेलें, कोणाचें श्राद्ध केलें, बरोबर कोण होतें, बाप-आजे-पणजे कोण, हें सर्व त्यांत यजमानांनीं आपल्या हातानें नोंदविलेलें असतें. जुनीं पानें बहुतेक मोडींत आहेत, आणि मोडी वाचणारा घरांत आतां मी एकटाच उरलों आहें. म्हणून सेवानिवृत्तीनंतर मीं या वह्या देवनागरींत उतरवून काढण्याचा नेम धरला. तीन वर्षांत अकरा वह्या झाल्या. त्यांतील दोन वह्या मागच्या एका पावसाळ्यांत कौलें फुटून भिजल्या व शाई पसरून गेली. त्या दोन वह्यांतील माणसें आतां केवळ या यंत्राच्या पोटांत होतीं. दुसरी प्रत मीं ठेविली नव्हती. चाळीस वर्षें मुलांना “पक्क्या वहींत उतरवून ठेवा” म्हणून सांगणाऱ्या मास्तरानें ती ठेविली नव्हती!

अशा वेळीं मनुष्याची बुद्धि प्रथम अपराधी शोधूं लागते. घरांतील आठवीच्या वर्गांतील नातू संध्याकाळीं त्याच यंत्रावर कांहीं खेळ खेळतो हें मला ठाऊक होतें. मीं त्यास सर्वांदेखत बोलावून जाब विचारला. “आजोबा, मीं कांहीं केलें नाहीं,” एवढेंच तो म्हणाला. मीं तें खरें मानलें नाहीं व नको तें बोललों. मुलगा त्या रात्रीं नीट जेवला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं यंत्र घेऊन मी नाशिकला एका दुरुस्तीच्या दुकानीं गेलों. तेथील गृहस्थांनीं दोनतीन बटणें दाबलीं आणि निदान केलें कीं, दमट हवा आंत शिरून मुख्य बोर्ड गेला आहे; अठरा हजार पडतील. स्वस्तांत हवें तर सर्व पुसून विंडोज नव्यानें भरून पाहूं. “आंतील लिखाण?” मीं विचारलें. “तें जाईल,” ते सहज म्हणाले. मीं यंत्र पिशवींत घातलें आणि परतीची बस पकडली. तीस किलोमीटरांच्या त्या वाटेंत खिडकीबाहेरचें कांहीं दिसलें नाहीं.

सूनबाई माहेरीं पुण्यास गेली होती, ती गुरुवारीं आली. तिनें सर्व ऐकून घेतलें व एकच प्रश्न विचारला : “मामंजी, यंत्र सुरू होतांना, विंडोज येण्याच्या आधीं, एखादें बटण दाबून पाहिलें होतें का?”

नव्हतें पाहिलें, दुकानदारानेंहि नव्हतें पाहिलें. तिनें यंत्र पूर्ण बंद केलें, पुन्हा सुरू करतांच एफ-२ हें बटण लागोपाठ दाबलें, आणि पडद्यावर यंत्राच्या मूळ मांडणीचें पान उघडलें. हें पान विंडोजच्याहि आधींचें. यंत्राबरोबर कारखान्यांतून आलेलें. कोणत्या यंत्रांत एफ-२, कोणत्यांत डिलीट, कोठें एफ-१०, असा बटणाचा फरक असतो इतकेंच. त्या पानावर तिनें बाणांचीं बटणें दाबलीं, तों खूण खालींवर हलूं लागली. कीबोर्ड धडधाकट होता! विंडोज येईपर्यंत चालणारा कीबोर्ड विंडोज आल्यावर थांबतो, तर दोष ओलीचा कसा? पावसास इतका विवेक कोठला?

येथें थोडें शास्त्र सांगतों. कठोपनिषदांत शरीरास रथ, इंद्रियांस घोडे, मनास लगाम व बुद्धीस सारथी म्हटलें आहे. लॅपटॉपचीं इंद्रियें म्हणजे कीबोर्ड, टचपॅड, पोर्ट, कॅमेरा इत्यादि. तीं मुख्य कार्यप्रणालीशीं आपण होऊन बोलूं शकत नाहींत. प्रत्येकाची बोली निराळी. ती बोली समजून देणारी जी छोटी आज्ञावली मध्यें बसविलेली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. रूपक काटेकोर जुळवूं गेल्यास तिचें स्थान लगामाचें ठरेल, पण इंग्रजांनीं नांव सारथ्याचें दिलें आहे; तें आपण चालवून घेऊं. सारथी चुकीचा बसला किंवा नाहींसा झाला, तर घोडे धष्टपुष्ट असूनहि रथ जागचा हलत नाहीं. आणि बाहेरून पाहणारा म्हणतो कीं घोडे मेले. आमच्या येथें नेमकें हेंच झालें होतें.

सूनबाईनें पुढें जें केलें त्याचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटला. तिनें दुरुस्तीस हात घातला नाहीं. आधीं लिखाण बाहेर काढलें. आपल्या यंत्रावर तिनें एका पेन ड्राइव्हवर उबुंटु नांवाची, फुकट मिळणारी लिनक्स कार्यप्रणाली तयार करून घेतली आणि आमचें यंत्र त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केलें. यांत यंत्रावर कांहींच बसवावें लागत नाहीं. उबुंटु पेन ड्राइव्हवरूनच चालते व तिचे सारथी तिच्याबरोबर असतात. पांच मिनिटांत बाण हलूं लागला, अक्षरें उमटूं लागलीं, दोन्ही बाजूंचे पोर्ट जागे झाले. बोर्ड गेला नव्हता याचा हा दुसरा पुरावा. मग तिनें माझ्या अकरा वह्यांचें दप्तर दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर उतरवून तो माझ्या हातांत दिला व म्हणाली, “आतां निर्धास्त बसा.” तो चिमुकला डबा मीं मुठींत किती वेळ धरून ठेविला होता कोण जाणे.

त्यानंतर दुरुस्ती. विंडोज सुरू होऊं लागतांच यंत्राचें मुख्य बटण दाबून धरून तें बंद करावयाचें, असें दोनतीन वेळां केलें म्हणजे विंडोज आपण होऊन दुरुस्तीच्या कक्षांत नेतें. या कक्षास त्याचे निराळे साधे सारथी असल्यामुळें तेथें आमचा कीबोर्ड चालला. तेथील सिस्टिम रिस्टोअर या सोयीनें यंत्र पूर्वीच्या एखाद्या तारखेच्या स्थितीस नेतां येतें. त्यांत लिखाण जात नाहीं, मागाहून बसविलेल्या आज्ञावल्या व ड्रायव्हर मात्र जातात. सुदैवानें आठ दिवसांपूर्वींची खूण शिल्लक होती. अर्ध्या तासानें यंत्र उठलें तें कीबोर्ड व पोर्ट घेऊन. टचपॅड मात्र अजून रुसलेलाच होता.

टचपॅडची गोष्ट बोधप्रद आहे. मीं उत्साहानें निर्मात्या कंपनीच्या संकेतस्थळावरून टचपॅडचा ड्रायव्हर आणून बसविला, पण उपयोग शून्य. सूनबाई हंसून म्हणाली, “मामंजी, पूल नाहीं आणि गाडी आणलीत.” आजकालच्या बहुतेक लॅपटॉपांत टचपॅड हा आय-टू-सी नांवाच्या एका लहानशा आंतल्या वाटेनें जोडलेला असतो. त्या वाटेचा स्वतःचा ड्रायव्हर बसल्यावांचून पलीकडे टचपॅड आहे हेंच विंडोजला कळत नाहीं. म्हणून आधीं चिपसेटचा, मग सीरिअल आयओचा व शेवटीं टचपॅडचा, असा क्रम. त्या क्रमानें बसवून यंत्र रीस्टार्ट केलें आणि बाण डोलूं लागला.

पोर्टांचीहि अशीच वाट आहे. पूर्वीं संगणकास प्रत्येक साधनासाठीं निराळें भोंक असे : कीबोर्डाचें गोल, छपाई-यंत्राचें लांबट. ही दैना संपविणारी यूएसबी ही जोडणी १९९६ सालीं निघाली. इंटेल कंपनींतील ज्या तज्ज्ञांनीं ती सिद्ध केली त्यांत अग्रणी असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत शिकलेले, हें आमच्या महाराष्ट्रीय वाचकांस ऐकून समाधान वाटेल. परंतु सर्व साधनें एकाच दरवाजानें येऊं लागलीं, म्हणजे त्या दरवाजाचा रखवालदार आजारी पडतांच सर्वांनाच उंबऱ्याबाहेर उभें राहावें लागतें. पुष्कळ लॅपटॉपांचा अंगचा कीबोर्ड मात्र अजून जुन्या पीएस-टू पद्धतीनेंच आंत जोडलेला असतो. म्हणून पोर्ट गेले तरी कीबोर्ड वांचतो, किंवा उलट. तिन्ही एकदम गेले तर हातघाई न करतां ड्रायव्हरांचा संशय प्रथम घ्यावा.

प्रत्येक वेळीं इतकें खोल जावें लागतें असें मात्र नाहीं. पुष्कळदां दुखणें वरवरचें असतें. म्हणून घरोघर उपयोगी पडेल असा क्रम येथें देतों.

प्रथम यंत्र रीस्टार्ट करावें. बंद करून सुरू करणें व रीस्टार्ट करणें एकच, असा आपला समज असतो. तो बहुतेक यंत्रांत चूक आहे. लौकर सुरू होतां यावें म्हणून विंडोज बंद होतांना आपली आंतली स्थिति, बिघडलेल्या सारथ्यांसह, जपून ठेवतें व दुसऱ्या दिवशीं तीच पुढें काढतें. रीस्टार्टमध्यें मात्र सर्व नव्यानें उभें राहतें. तेवढ्यानें न भागल्यास चार्जर काढून, यंत्र बंद असतां मुख्य बटण अर्धा मिनिट दाबून धरावें व मग सुरू करावें.

दुसरें, चुकून लागलेल्या कड्या पाहाव्या. वरच्या रांगेंतील एका बटणावर टचपॅडचें चित्र असतें. तें दाबलें गेल्यास टचपॅड बंद होतो. उजवें शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यास फिल्टर कीज नांवाची सोय चालू होते आणि हलकेच दाबलेलें बटण यंत्र मानीत नाहीं. कीबोर्ड मेला असें वाटतें. अक्षरें भलतींच उमटत असतील तर बहुधा भाषा बदललेली असते. विंडोजचें बटण व स्पेस एकत्र दाबलें कीं ती पूर्ववत् होते. मी इन्स्क्रिप्टनें मराठी लिहितों. माझ्यानंतर जो बसतो तो या कारणानें रोज एकदां तरी ओरडतो.

तिसरें, वर सांगितलेली कसोटी : विंडोजच्या आधीं बटणें चालतात का? चालत असतील तर पैसे खर्चूं नयेत, दोष सारथ्याचा. तेथेंहि चालत नसतील तर मात्र तारा, ओल, बोर्ड यांचा विचार करावा.

चौथें, एखादें साधन चालत असेल तर त्याच्या आधारें डिव्हाइस मॅनेजर उघडावा. ज्या नांवापुढें पिवळा त्रिकोण दिसेल तें दुखणें. त्यावर दोनदां टिचकी मारल्यास अंक दिसतो : २८ म्हणजे ड्रायव्हर मुळीं बसलेलाच नाहीं, १० म्हणजे साधन सुरू होऊं शकत नाहीं. नुकताच ड्रायव्हर बदलला असेल तर रोल बॅक ड्रायव्हर या बटणानें जुना परत आणावा. तें न जमल्यास अनइन्स्टॉल डिव्हाइस करून रीस्टार्ट करावें. विंडोज साधन पुन्हा शोधतें व स्वतःजवळचा ड्रायव्हर लावतें. परंतु ज्या यूएसबी माउसच्या बळावर आपण हें करीत आहों, त्याचाच यूएसबी कंट्रोलर काढूं नये. बसलेली फांदी तोडल्यासारखें होईल. पोर्ट मधून मधून झोंपी जात असेल, तर यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर वीज वांचविण्यासाठीं साधन बंद करण्याची जी परवानगी असते, तिची खूण काढावी.

पांचवें, नवा ड्रायव्हर यंत्राच्या निर्मात्याकडूनच, यंत्राच्या पाठीवरील क्रमांक देऊन घ्यावा. आपलें यंत्र बंद असल्यास दुसऱ्या यंत्रावर उतरवून पेन ड्राइव्हनें आणावा. आणि पुष्कळ नव्या यंत्रांत बिटलॉकर हें कुलूप आपोआप लागलेलें असतें; मूळ मांडणींत हात घातल्यावर किंवा दुरुस्तीच्या कक्षांत गेल्यावर तें ४८ अंकी किल्ली मागतें. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यांतून काढून आजच घरच्या वहींत लिहून ठेवावी. चोरी होण्यापूर्वींच कुलुपाची दुसरी किल्ली कोठें आहे हें ठाऊक असावें.

असा घोटाळा आपल्याच घरीं होतो असें कोणी समजूं नये. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीच्या एका सदोष सुधारणेनें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें एका दिवसांत कोलमडलीं. ती आज्ञावलीहि सारथ्यांच्या पंगतींत बसणारी. भारतांतील विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्यांत आले. उपाय काय, तर प्रत्येक यंत्रापाशीं जाऊन एक फाईल पुसावयाची. पण यंत्रापाशीं जाणारा मनुष्य व बिटलॉकरची किल्ली दोन्ही हवीं. पुढें १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या सुधारणेनंतर आमच्या नेमकें उलट घडलें : विंडोजमध्यें यूएसबी कीबोर्ड व माउस नीट चालत, पण दुरुस्तीच्या कक्षांत मात्र थंड पडत. म्हणजे औषधालयाच्या दारालाच कुलूप! मायक्रोसॉफ्टनें २० ऑक्टोबरला निराळी सुधारणा काढून तें उघडलें. पीएस-टूचे जुने कीबोर्ड मात्र त्या काळांतहि चालत होते.

आतां शेवटची गोष्ट. ती सांगावयास जड जाते. सर्व झाल्यावर सूनबाईनें दुरुस्तीपूर्वीं लिनक्समधून टिपून ठेविलेली आज्ञावल्यांची यादी काढली. त्यांत ड्रायव्हर आपोआप नवे करून देणारी एक फुकटी आज्ञावली दिसली व तिच्या फायलींची तारीख रविवार दुपारची होती. नातू त्या दिवशीं सकाळपासून रात्रीपर्यंत नाशिकला मामाकडे होता. यंत्रापाशीं मी होतों. पडद्यावर सूचना आली होती कीं, तुमचे सत्तावीस ड्रायव्हर जुने झाले आहेत, नवे करावे काय? मीं “होय” म्हटलें होतें, चष्मा शोधण्याचेंहि कष्ट न घेतां.

सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें यादी मिटली. मी उठून माडीवर गेलों. नातू अभ्यास करीत होता. “चूक माझी होती रे, तुला उगाच बोललों,” मीं म्हटलें. त्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि विचारलें, “वह्या मिळाल्या ना, आजोबा?” इतक्या दिवसांत दुसऱ्या कोणीं मला हा प्रश्न विचारला नव्हता.

यंत्राविषयीं मीं शिकलों तें वर लिहिलें. माणसांविषयीं शिकलों तें एवढेंच कीं, दोष सिद्ध होण्यापूर्वीं जो समोर उभा असतो त्याच्यावरच आपण तो ठेवितों : पावसावर, बोर्डावर, पोरावर. आधीं कसोटी, मग निर्णय; हा नियम तर्कशास्त्र शिकवितांना मीं किती वेळां फळ्यावर लिहिला होता!

आतां नामावळीच्या तीन प्रती आहेत : एक यंत्रांत, एक बंधूंच्या कपाटांतील पेन ड्राइव्हवर आणि एक पुण्यास व्याह्यांकडे. दर एकादशीला नातू तिन्ही नव्या करतो व वहींत सही करतो. रोज संध्याकाळीं तो माझ्याजवळ बसून मोडीची बाराखडी गिरवूं लागला आहे. ही चौथी प्रत.